चावी लावायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर

गियर नाही, क्लच नाही, मूठ पिळली की चालली, म्हणून स्कूटी म्हणजे सोपी गाडी असं आपल्याकडे घरोघरी धरलेलं आहे. पोराला मोटारसायकल घेतली तर कुणीतरी आठ दिवस मागे बसून शिकवतं, आणि स्कूटी घेतली की शोरूममधून हार घालून आणायची, पेढे वाटायचे, कॉलनीत दोन चकरा मारायला लावायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी एकटी बाजारात. चालवायला सोपी आहे हे खरंच आहे. पण थांबवायला ती मोटारसायकलपेक्षा सोपी नाही, आणि खड्ड्यातून काढायला तर उलट अवघड, कारण चाकं दहा-बारा इंचाची, मोटारसायकल ज्या खड्ड्यावरून धडकन निघून जाते त्यात स्कूटीचं पुढचं चाक चक्क बसतं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून जो रोज जातो त्याला हे वेगळं सांगायला नको.

यंदा भाचीला जळगावला ॲडमिशन मिळाली, भाऊजींनी तिला गाडी घेऊन दिली, आणि तिने मला विचारलं की मावशी तू रोज शाळेत गाडीवर जातेस तर काय काय बघायचं ते नीट सांग. व्हॉट्सॲपवर टाईप करायला बसले तर इतकं लांबत गेलं की म्हटलं इथेच लिहिते, बाकीच्यांच्याही कामी येईल. मी चोपडा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, रस्ता अर्धा डांबरी, अर्धा केळीच्या बागांमधून, आणि यातलं बरंचसं मला आमच्या इथल्या एका जुन्या मिस्त्रींनी शिकवलंय, कंपनीच्या मॅन्युअलमधून जेवढं कळलं नाही तेवढं त्यांच्या दुकानासमोर स्टुलावर बसून कळलं.

सगळ्यात आधी अंगणातली गोष्ट, कारण स्कूटीचा सगळ्यात मोठा धोका रस्त्यावर नाही, दारात आहे. मोटारसायकल न्यूट्रलला असली की रेस दिली तरी जागेवरच आवाज करते. स्कूटीला न्यूट्रलच नाही. इंजिन चालू असेल आणि मूठ जरा पिळली गेली तर आतला क्लच आपोआप पकडतो आणि गाडी निघते, वर कुणी बसलंय की नाही याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. आमच्याच गल्लीत झालेलं सांगते. एक दादा गाडी चालू ठेवून गेट उघडायला उतरले, पोरगं पुढे फूटबोर्डवर उभं, चारेक वर्षांचं असेल, ते नेहमी तसंच उभं राहायचं आणि हँडल धरून हूं हूं करायचं. त्याने मूठ पिळली. गाडी पोरासकट समोरच्या ओट्यावर जाऊन आदळली. पोराच्या हनुवटीला टाके पडले, दात वाचले, ओटा दीड फुटाचा होता म्हणून बरं, तिथे ओट्याऐवजी रस्ता असता तर पुढचं बोलायलाच नको. तेव्हापासून आमच्या गल्लीत सगळ्यांनी एक पक्कं केलंय, गाडीवरून पाय खाली आला की चावी बंद. गेट उघडायचं असो, भाजी घ्यायची असो, फोन घ्यायचा असो, चावी बंद. आणि चावी चालू असताना पुढे पोरगं एकटं नाही म्हणजे नाहीच.

तसंच मेन स्टँडचं. बऱ्याच बायका गाडी मेन स्टँडवर असतानाच सेल्फ मारतात आणि चालू गाडी ढकलून खाली घेतात, ढकलताना उजवा हात मुठीवर, जोर लावताना मूठ आपोआप पिळली जाते, चाक जमिनीला टेकलं की गाडी हातातून सुटते. आधी गाडी खाली घ्या, बसा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा, डावा ब्रेक धरा आणि मग चालू करा. ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही ही सोय कंपनीने उगाच दिलेली नाही. आणि चालू झाल्यावर मूठ न पिळता गाडी स्वतःहून पुढे सरकते का तेही बघा, सरकत असेल तर मिस्त्रीला दाखवा, ती तशीच चालवू नका.

आता चक्कर. चावी हातात असते पण लावायची नाही, आधी गाडीभोवती एक फेरी मारायची. खाली जमिनीवर ऑईल किंवा पेट्रोलचा डाग पडलाय का बघायचं, रात्रभर गाडी एकाच जागी उभी असते त्यामुळे गळती असेल तर फरशी लगेच सांगते. मग टायर. टायरवर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण लोक इंजिन ऑईलची चौकशी करतात, मायलेजची करतात, आणि गाडीचा रस्त्याशी जो काय संबंध आहे तो दोन हातरुमालाएवढ्या जागेतच आहे त्याकडे कुणी बघत नाही. हवा डोळ्याने कळत नाही. ट्यूबलेस टायर तर निम्मी हवा गेली तरी वरून बरा दिसतो. आठवड्यातून एकदा गेजने मोजायची आणि तीही सकाळी, टायर थंड असताना, कारण दुपारी चालवून तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्तच येतो आणि मग आपण हवा कमी करून ठेवतो. किती भरायची ते मॅन्युअलमध्ये असतं, ॲक्टिव्हाला पुढे २२, मागे एकट्यासाठी २९ आणि डबलसीटला ३६ पीएसआय, बाकीच्या गाड्यांचं थोडं इकडेतिकडे. पंपावरचा मुलगा न विचारताच दोन्हीकडे चाळीस मारतो, त्याला आकडा आपण सांगायचा. पुढच्या टायरमध्ये जास्त हवा झाली की चाक टणक होतं, खड्ड्यात उडतं, आणि ब्रेक मारला की घसरतं.

आपल्याकडच्या उन्हाने टायर झिजण्याआधीच तडकतो हे बाहेरच्या लोकांना पटत नाही. गाडी कमी चाललेली असते, नक्षी चांगली खोल दिसते, आणि बाजूच्या भिंतीला केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या असतात. मिस्त्रींनी मला एकदा अशा टायरवर अंगठा दाबून दाखवलं, दाबल्यावर चिरा उघडल्या आणि आत धूळ भरलेली दिसली. म्हणाले, "मॅडम, हा टायर चालला नाही, वाळला." टायरवर बाजूला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे ३२२१ असेल तर तो २०२१ च्या ३२ व्या आठवड्यातला. जुनी गाडी घेताना हे आधी वाचा. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, ते कुठे आहेत ते दाखवायला बाजूला टीडब्ल्यूआय असं लिहिलेलं असतं, टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं, मग पावसाळ्याची वाट बघू नका. आणि बाभळीचा काटा. शेतरस्त्याने जाणाऱ्यांनी रोज हात न लावता नुसत्या नजरेने टायर बघायचा, काटा किंवा खिळा दिसला तर तिथेच उपटायचा नाही, ट्यूबलेस असेल तर तो आत असेपर्यंत हवा बरीचशी टिकते, हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं, उपटला की तुम्ही केळीच्या बागेत उभ्या आणि हवा गेलेली.

ब्रेक. दोन्ही दांड्या दाबून बघायच्या, साधारण एक ते दोन सेंटिमीटर मोकळं जाऊन मग पकड लागली पाहिजे, दांडी मुठीला टेकेपर्यंत येत असेल तर ब्रेक सैल झालाय. ड्रम ब्रेक असेल तर चाकाजवळ जिथे केबल लागते तिथे एक छोटा बाण असतो, ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो समोरच्या खुणेपर्यंत पोचला की शू, म्हणजे ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे तुकडे, बदलायला झाले. हे खाली वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही, नट पिळून पिळून ब्रेक टाईट करत राहिलं की शूवरचं लायनर संपलेलं कळतच नाही. मग गाडी सुरू केल्यावर गेटच्या बाहेर दोन-चार फूट चालवून आधी डावा, मग उजवा ब्रेक वेगवेगळा लावून बघायचा. रस्त्याला लागल्यावर नाही, गल्लीतच.

आणि पुढच्या ब्रेकची जी भीती बायकांच्या मनात घालून ठेवली आहे ती काढली पाहिजे. "उजवा ब्रेक दाबू नको, पडशील" हे प्रत्येक शिकवणारा सांगतो. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे खरं थांबवायचं काम पुढचं चाक करतं, नुसता डावा दाबला तर गाडी लांब जाऊन थांबते आणि मागचं चाक लॉक होऊन आडवी होते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नवीन गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं, कॉम्बी म्हणजे डावा दाबला की थोडा पुढचाही लागतो, पण थोडाच, पूर्ण जोर हवा असेल तर दोन्ही हात लागतात. सरळ रस्त्यावर, हँडल सरळ, दोन्ही दांड्या एकदम पण हिसका न देता, आधी हलक्या आणि मग वाढवत. वळणावर झुकलेले असताना किंवा वाळूवर पुढचा जोरात दाबला तर मात्र पडाल, म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. हे वाचून येत नाही. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर किंवा मार्केट कमिटीच्या मोकळ्या आवारात जाऊन वीसच्या वेगाने, मग तीसच्या, मग चाळीसच्या वेगाने एका खुणेवर थांबायची प्रॅक्टिस करा, कितीतरी वर्षं गाडी चालवणाऱ्या बायकांनासुद्धा आपली गाडी चाळीसवरून किती लांब जाऊन थांबते ते माहीत नसतं.

बाकीचं पटकन सांगते. मूठ पिळून सोडली की टुपकन मागे यायला हवी, अडकत किंवा हळू येत असेल तर केबलमध्ये धूळ गेलीय, आपल्याकडे उन्हाळ्यात ती जातेच. हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरलं पाहिजे, पिशवी अडकता कामा नये. ऑईल मेन स्टँडवर, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटांनी बघायचं. हॉर्न, दोन्हीकडचे इंडिकेटर, ब्रेकलाईट, आणि ब्रेकलाईट बघायला दुसरं माणूस लागत नाही, अंधार पडल्यावर गाडी भिंतीला पाठ करून उभी केली आणि दांडी दाबली की भिंत लाल होते. डावीसाठी वेगळी आणि उजवीसाठी वेगळी बघा, दोन्हीला स्विच वेगळे असतात. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांचा हेडलाईट दिवसाही चालूच राहतो, समोरून येणारे हाताने फडफड करून "लाईट लाईट" सांगतात, त्यांना मान डोलवा आणि पुढे जा. आरसे काढून टाकलेली गाडी मी बघितली की मला राग येतो. दोन्ही आरसे लावा, आपल्या खांद्याचं टोक जरासं दिसेल आणि बाकी रस्ता दिसेल असे लावा, आणि तरी वळताना मान वळवून बघा.

साईड स्टँडचा आता नव्या बऱ्याच गाड्यांना सेन्सर असतो, स्टँड खाली असेल तर इंजिन चालूच होत नाही. जुन्या गाडीला नसतो, आणि खाली राहिलेला स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला टेकतो आणि गाडी उचलून टाकतो. निघताना डाव्या पायाने तो एकदा मागे मारायचा, वर असला तरी मारायचा.

हेल्मेटबद्दल काय लिहायचं. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अपघात अहवालात हेल्मेट नसलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू नोंदवलाय, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. मागे बसलेले, म्हणजे आपली आई, बायको, बहीण, मैत्रीण. कायदा दोघांनाही सारखाच आहे, न घातल्यास एक हजार दंड आणि तीन महिने लायसन निलंबित होऊ शकतं, पण दंडासाठी घेतलेलं ते रस्त्याच्या कडेला मिळणारं प्लास्टिकचं टोपलं उपयोगाचं नाही, आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ हा नंबर बघून घ्या, डोक्यात घालून पट्टा लावा आणि मागून वर ढकलून बघा, निघून आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट तुमच्या आधी रस्त्यावर पडतं. उन्हाळ्यात आत घाम येतो, केस खराब होतात, सगळं मान्य आहे, आत पातळ सुती रुमाल बांधा, पण घाला.

ओढणी आणि पदर. आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून मुली पूर्ण चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, त्याला माझी काहीच हरकत नाही, मीही बांधते, फक्त त्याचं टोक मागे लोंबत ठेवायचं नाही, आत खोचायचं, आणि डोळ्यांच्या कडा मोकळ्या राहतील असा बांधायचा, नाहीतर बाजूचं काही दिसत नाही. मागे बसणाऱ्या आक्काचा पदर मागच्या चाकाकडे जातो, साडी गार्ड असला तरी जातो. निघायच्या आधी "आक्का पदर?" एवढं विचारायचं आणि तो तिने मांडीखाली घेतल्याशिवाय मूठ पिळायची नाही. आमच्या गावच्या म्हाताऱ्या बायका "काही व्हत नही वं माय, चाल" म्हणतात, त्यांचं ऐकायचं नाही. एका बाजूला पाय टाकून बसणं गाडीच्या दृष्टीने वाईटच, तोल एकीकडे जातो, पण नऊवारीतल्या आजीला दुसरं शक्य नसतं, तेव्हा तिचा हात मागच्या दांडीला, पाय फूटरेस्टवर, आणि आपला वेग तीसच्या खाली.

लहान मुलांसाठी नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट, मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा हार्नेस पट्टा, आणि गाडी चाळीसच्या आत. हार्नेस मी आपल्याकडे फार कुणाकडे बघितलेला नाही, पण ऑनलाईन मिळतो, महाग नाही, झोपलेलं पोरगं गाडीवरून घसरतं ते त्याने घसरत नाही.

फूटबोर्डवर आपण काय नाही ठेवत! युरियाची ४५ किलोची गोणी, भरलेलं गॅस सिलिंडर, दुधाच्या कॅन, केळीचा घड, भरताच्या वांग्यांचं पोतं. सपाट जागा मिळाली की ती भरायचीच. पण तिथे वजन ठेवलं की पाय बाहेर राहतात, पाय टेकवायला वेळ लागतो, आणि गोणी पुढे सरकली की हँडल वळतच नाही, हे नेमकं वळणावर कळतं. ठेवायचंच असेल तर गाडी उभी असताना हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, अडत असेल तर ती वस्तू गाडीवर जाणार नाही, रिक्षाने जाईल. सिलिंडर तर अजिबात नको, घरपोच येतं ते.

आता रस्ता. जुना सहा नंबर, आता ५३ म्हणतात, सुरत-नागपूरचा, धुळ्याहून जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा जातो आणि खान्देशातलं निम्मं येणंजाणं त्याच्यावर किंवा त्याला आडवं होतं. भाचीला मी सांगितलंय की शक्यतो हायवेला लागूच नको, गल्लीबोळातून पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. लागावंच लागलं तर एक हिशोब डोक्यात ठेवायचा, ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. साठने जात असाल तर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर, आणि डोळ्याने बघून हाताने ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. ट्रकच्या मागे एवढं जवळ का चालतात लोक मला समजत नाही. ट्रकच्या मागे राहिलं की पुढचा खड्डा दिसत नाही, तो ट्रकच्या दोन चाकांच्या मधून निघतो आणि थेट आपल्या पुढच्या चाकाखाली येतो. ट्रकचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर ड्रायव्हरला आपण दिसत नाही. डाव्या बाजूने तर त्याला कधीच ओलांडू नका. शेजारून ट्रक जोरात गेला की वाऱ्याने गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते, तापीच्या पुलावर तर आडवा वारा वेगळाच असतो, तिथे हँडल घट्ट आवळून धरायचं नाही, गुडघे जरा आत घ्यायचे आणि मूठ थोडी कमी करायची.

साईडपट्टी हा आपला खास शत्रू. डांबर वर आणि काळी माती खाली, मधे वीतभर पायरी, समोरून बस आली की आपण घाबरून खाली उतरतो आणि लगेच तिरपं वर चढायला जातो, तेव्हा लहान चाक त्या कडेला घासत राहतं, वर चढत नाही आणि गाडी आडवी होते. खाली उतरलात तर खालीच राहा, वेग कमी होऊ द्या, कड बारीक झाली तिथून वर या.

रात्री ट्रॅक्टर-ट्रॉली. कापसाच्या, उसाच्या, केळीच्या, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि उसाचे शेंडे ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेले. समोरून येणाऱ्या गाडीचा लाईट डोळ्यावर असतो तेव्हा मधला काळोख रिकामा आहे असं वाटतं, तो रिकामा नसतो. समोरचा लाईट आला की मूठ सोडायची आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची. पावसाळ्यात संध्याकाळी किडे येतात, हेल्मेटची पुढची काच पारदर्शकच हवी, काळी काच रात्री घालू नका. माझ्या ओळखीचे जे ट्रॅक्टरवाले आहेत त्या सगळ्यांना मी लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या घेऊन दिल्यात, चिकटवायला दोन मिनिटं लागतात, तुम्हीपण द्या.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी बारा ते चार गाडी काढायचीच नाही हा माझा नियम आहे, शाळा सकाळची असते म्हणून तो पाळता येतो, पण ज्यांना पाळता येत नाही त्यांनी तरी डिक्कीत पाणी ठेवा आणि डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, डोकं जड असं काहीही वाटलं की निंबाच्या सावलीत थांबा, घर तीन किलोमीटरवर आलंय म्हणून पुढे जाऊ नका. चक्कर येते तेव्हा सांगून येत नाही, आणि दुचाकीवर तिचा एकच अर्थ होतो.

पहिल्या पावसाचा अर्धा तास सगळ्यात वाईट. वर्षभराची धूळ, ऑईल, टायरचं रबर सगळं ओलं होऊन वर येतं. त्यानंतर शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात, ती ओली असताना तिच्यावर ब्रेक म्हणून काही उरतच नाही, मूठ हळूच सोडायची आणि सरळ निघून जायचं. फरशी पुलावरून पाणी जात असेल आणि फरशी दिसत नसेल तर थांबा, गुडघाभर पाणीसुद्धा लहान चाकाची गाडी बाजूला सरकवतं. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारत राहू नका, आत पाणी ओढलं गेलं तर इंजिनचं काम निघतं. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चालवायचं म्हणजे ड्रम सुकतात. आणि सुगीत रस्त्यावर मका, ज्वारी वाळत घातलेली असते, त्या दाण्यांवर चाक गोट्यांवर गेल्यासारखं सरकतं, तिथून गाडी घालायची नाही, उलट्या बाजूने गाड्या येत नाहीत हे बघून वळसा घालायचा.

तोरणमाळला किंवा चाळीसगावहून कन्नड घाटाने स्कूटी घेऊन जाणारे आता बरेच झालेत. चढताना काही नाही, उतरताना लक्षात ठेवा. मोटारसायकल दुसऱ्या गियरमध्ये टाकली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, स्कूटीला ती सोय नाही, मूठ पूर्ण सोडली आणि वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते. म्हणून सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक सलग दाबून धरला की ड्रम तापतात आणि मग दांडी दाबली तरी पकड येत नाही. दाबा, सोडा, दाबा, सोडा, दोन्ही मिळून, मधेमधे मूठ अगदी हलकी दिली तर क्लच परत पकडतो आणि इंजिन थोडं धरतं. मधे एकदोनदा थांबून ब्रेकला थंड होऊ द्या. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर चावी बंद करणारे जे आहेत त्यांनी ते आजच सोडा, मागच्याला तुमचा ब्रेकलाईट दिसत नाही, आणि काही झालं तर मूठ पिळून निघायचीही सोय राहत नाही.

शेवटचं मी शिक्षक म्हणून लिहितेय. जळगावात, भुसावळात, आता चोपड्यातसुद्धा क्लासच्या बाहेर नववी-दहावीची मुलं स्कूटीवर येतात, कधीकधी तिघं. पालक म्हणतात गियर नाही, सोपी आहे. १६ व्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीच्या आतल्या बिनगियरच्या गाडीचं, आणि दारात उभी असते ती १०० च्या वरची, तिला १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. पालकसभेत मी हे वाचून दाखवते तेव्हा खोलीत शांतता होते आणि मग एक आई उठून म्हणते, मॅडम क्लास पाच किलोमीटर आहे, रात्री आठला सुटतो, मुलीला आणणार कोण. तिचा प्रश्न खरा आहे. आमच्या कॉलनीत चार घरांनी मिळून रिक्षा ठरवलीय, महिन्याचं भाडं चौघांत वाटून घेतात, आणि रिक्षा आली नाही त्या दिवशी कोण जाणार याचा तक्ता ग्रुपवर पिन केलेला आहे. तुमच्या इथे क्लासवाल्यांना वेळ सातची करायला सांगून बघा, दहा पालक एकत्र गेले तर ते ऐकतात, आमच्या इथल्यांनी ऐकलं.